अठ्ठेचाळीस सेकंदांचे मिनिट

परीक्षेत सर्वांना सारखाच वेळ मिळतो असे जे म्हणतात, ते एकतर प्रश्नपत्रिका काढणारे असतात किंवा परीक्षा झाल्यावर बाके पुसणारे. बाकी सर्वांना ठाऊक असते की ऐंशी मिनिटे एखाद्याला ऐंशी भरतात, एखाद्याला साठ, आणि ज्याच्या शेजारचा सारखा नाक ओढतो आहे त्याला जेमतेम चाळीस. वेळ ही दुधासारखी नाशवंत वस्तू आहे. ती जिथे निघते तिथून जवळ राहावे, हेच शहाणपण.

कोरियातल्या देजॉनच्या लोकांना हे सर्वांत आधी उमगले यात नवल नाही. देशाची प्रमाण वेळ आमच्याच गावात, शहराच्या उत्तरेला एका प्रयोगशाळेत, कुलूपबंद ठेवलेली आहे. तिथून ती सोलला आणि बुसानला जाते. साहजिकच आम्हाला ती ताजी मिळते, सोलवाल्यांना पोचेपर्यंत थोडी शिळी. (शास्त्रज्ञांना हे मान्य नाही. शास्त्रज्ञांची मुले मात्र शिकवणीला आमच्याच गल्लीत येतात.)

या प्रयोगशाळेपासून चार किलोमीटरवर, एका मासळीच्या खानावळीच्या वर, तीन मजल्यांत 'अचूक मिनिट अकादमी' वसलेली आहे. तिचे संस्थापक श्री. प्यो छांग-बोम यांनी विद्यापीठ-प्रवेशाची देशाची महापरीक्षा स्वतः चार वेळा दिली आणि चारही वेळा त्यांना वेळ कमी पडला. पाचव्यांदा अर्ज भरायलाच वेळ कमी पडला. असा दांडगा अनुभव गाठीशी असल्यामुळे ते कुठलाही विषय शिकवत नसत. "विषय काय, कुठेही शिकवतात," सर म्हणत. "मी वेळ शिकवतो." अकादमीत औषधालाही पुस्तक नव्हते, कारण पुस्तक वाचण्यात वेळ जातो.

या अकादमीत मा ह्ये-रिन फेब्रुवारीत दाखल झाली. वय वीस. महापरीक्षेची ही तिसरी खेप. तिला जनावरांचे डॉक्टर व्हायचे होते, आणि हे वेड तिच्या डोक्यात गल्लीतल्या टोफूच्या दुकानाबाहेर बसणाऱ्या एका म्हाताऱ्या, एका पायाने लंगड्या कुत्र्याने घातले होते. पहिल्या वर्षी भाषेच्या पेपरात शेवटच्या दहा मिनिटांत तिने खाडाखोडीची पांढरी पट्टी लावून अकरा उत्तरे बदलली. त्यांतली नऊ आधी बरोबर होती. दुसऱ्या वर्षी ती जास्त सावध होती, म्हणून तिने चौदा बदलली. त्यांतली बारा बरोबर होती. दोन्ही वर्षी प्रवेश हातातोंडाशी येऊन गेला. या वर्षी तिने घरात जाहीर केले होते, "हे शेवटचं. नाही झालं तर मामाच्या लाँड्रीत शर्टांना इस्त्री करीन. चौथ्यांदा मी बसणार नाही." मामाने एक इस्त्री तिच्यासाठी बाजूला काढूनही ठेवली होती. मामा व्यवहारी माणूस.

प्रवेशाच्या दिवशी प्यो सरांनी तिची नाडी आईकडूनच पाहिली. ह्ये-रिन शेजारी बसली होती, पण मुलांना विचारण्यात वेळ जातो.

"किती उत्तरं बदलली?"

"अकरा. दुसऱ्या वर्षी चौदा," आई म्हणाली.

"किती वेळात?"

"शेवटच्या दहा मिनिटांत, सर."

सरांनी डोळे मिटून हिशेब केला. "बघा, ह्ये-रिनच्या आई. दहा मिनिटं बरोबर उत्तर चुकवायला पुरली. चुकवलेलं परत बरोबर करायला आणखी दहा लागली असती. ती नव्हती. रोग अगदी सरळ आहे. वेळ कमी पडला."

दाराशी ह्ये-रिनचे वडील टोपी हातात घेऊन उभे होते. ते म्हणाले, "मग शेवटची दहा मिनिटं मिळालीच नसती तर?"

सरांनी त्यांच्याकडे नीट पाहिले आणि आईला विचारले, "हे काय करतात?"

"सिटी बस चालवतात."

"हां," सर म्हणाले, आणि विषय तिथेच मिटला.

अकादमीच्या शिक्षणाचा पाया म्हणजे वेळवाटपाचा तक्ता. भाषेच्या पेपरला पंचेचाळीस प्रश्न आणि ऐंशी मिनिटे. अडाणी माणूस ऐंशीला पंचेचाळीसने भागून मोकळा होतो. पण माणूस परीक्षेत नुसतेच प्रश्न सोडवत नाही, हे सरांनी शास्त्रशुद्ध निरीक्षणाने सिद्ध केले होते. त्यांच्या तक्त्यातील काही नोंदी नमुन्यादाखल पाहाव्यात:

पाने उलटणे: बासष्ट सेकंद. (बोटाला थुंकी लावल्यास एक्कावन्न. पालक-आरोग्य समितीची हरकत विचाराधीन आहे.)
पहिला प्रश्न पाहून घाबरणे: सात सेकंद.
घाबरल्याबद्दल स्वतःला रागावणे: चार सेकंद.
आईचा चेहरा आठवणे: तीन सेकंद, दोन वेळा. (दुसरी वेळ ऐच्छिक.)
वडिलांचा चेहरा: वेळ उरल्यास.
शेजारणीने पान उलटले का, हे कानाने टिपणे: वीस सेकंद.
उसासा: दोन सेकंद, तोंड मिटून.
घड्याळ पाहणे: नव्वद वेळा, दर वेळी दीड सेकंद.
वरील तक्ता आठवणे: अकरा मिनिटे.

शेवटची नोंद सर्वांत जड होती. त्यामुळे तक्ता लवकर आठवण्यासाठी दर शनिवारी वेगळा तास असे, आणि त्या तासाचा वेगळा तक्ता असे. प्रश्न सोडवायला एकूण किती वेळ उरतो, हे मार्चमध्ये एका मुलाने विचारले होते. तो आता दुसऱ्या अकादमीत आहे.

मात्र सरांची खरी करामत वेगळीच होती आणि ती फक्त पालकांना, दार लावून, सांगितली जाई. अकादमीतले मिनिट साठ सेकंदांचे नव्हते. मार्चमध्ये ते अठ्ठावन्न सेकंदांचे असे, जूनमध्ये चोपन्न, आणि सप्टेंबरपासून अठ्ठेचाळीस. भिंतीवरची सगळी घड्याळे आणि मुलांच्या मनगटावरची अकादमीची घड्याळे त्याच चालीने पळत. मुलांना याची कुणकुणही लागू द्यायची नव्हती, कारण मिनिट आखूड आहे हे कळले की मूल निवांत होते. खिडक्यांना कागद डकवले होते. फोन जमा केले होते. घरोघरची घड्याळेही पालकांनी राजीखुशीने जमा केली होती. ह्ये-रिनच्या घरातला भाताचा कुकर दर वेळी किती वाजले ते तोंडाने सांगायचा, म्हणून आईने त्याच्या तोंडावर चिकटपट्टी लावली. (सूर्याच्या बाबतीत पालकांनी समजून घ्यावे, अशी विनंती पत्रकात होती.)

युक्ती अशी की परीक्षेच्या दिवशी सकाळी पालकांनी गुपचूप घड्याळ बदलायचे. तशाच पट्ट्याचे, तशाच काट्यांचे, पण खऱ्या साठ सेकंदांचे घड्याळ मुलाच्या हाती द्यायचे. अठ्ठेचाळीसच्या मिनिटाला सरावलेल्या मुलाला साठचे मिनिट मिळाले की ऐंशी मिनिटांच्या पेपरात सोळा मिनिटांचे घबाडच हाती लागते. ओळख पटावी म्हणून अकादमीच्या घड्याळामागे एक लाल ठिपका होता. परीक्षेच्या दिवसाच्या त्रेसष्ट पायऱ्यांचा कागद प्रत्येक घरात फ्रिजवर लावलेला होता. त्यातली एकतिसावी पायरी ही: 'पालकांनी घड्याळ बदलणे'.

दुसरी खबरदारी म्हणजे विचलनांचा सराव. परीक्षेत काय काय होऊन मन ढळू शकते याची तीस क्रमांकांची यादी अकादमीकडे होती, आणि एक सेवानिवृत्त हवालदार ती रोज वर्गात घडवून आणी. क्रमांक तीन, खोकला. क्रमांक नऊ, पेनाची टिकटिक. क्रमांक चौदा, चुकीच्या वेळी झालेली घंटा किंवा घोषणा. क्रमांक बावीस, पर्यवेक्षिकेने चुकीची वेळ सांगणे (यासाठी हवालदार टोप घालून येत). क्रमांक सत्तावीस, वर्गात पारवा. दर वेळी दोनशे बारा मुले एका सुरात म्हणत, "घड्याळ खरं, बाकी सगळं विचलन."

ह्ये-रिन या सगळ्यात मन लावून राबली. तिला फक्त एकच सवलत हवी होती. अकादमीतून घरी जाताना टोफूच्या दुकानापाशी दोन क्षण थांबायची. आईने सरांशी बोलून ती मिळवली, आणि तिच्या रोजच्या तक्त्यात एक ओळ वाढली: 'कुत्रा: नऊ सेकंद'. नऊ सेकंदांत कुत्र्याचा एकच कान खाजवून होई. दुसरा कान तो दुसऱ्या दिवसासाठी पुढे करून ठेवी.

घरातही वेळेची बचत होतीच. ऑक्टोबरपासून बोलणेसुद्धा ठरवून दिले होते. आईला सकाळी दहा वाक्ये, वडिलांना चार. वडिलांची कधी तक्रार नव्हती. त्यांची चार वाक्ये एरवीही संध्याकाळपर्यंत पुरत.

नोव्हेंबरातला तो गुरुवार उजाडला. त्या दिवशी आपला सगळा देश कसा शहाण्यासारखा वागतो ते वेगळे सांगायला नको. कचेऱ्या तासभर उशिरा उघडतात, इंग्रजीचे ऐकण्याचे प्रश्न चालू असताना विमाने जमिनीवर उतरत नाहीत, आणि उशीर झालेल्या मुलांना पोलीस मोटारसायकलवरून पोचवतात. एरवी आजारी माणसाला रुग्णवाहिका मिळायला अर्धा तास लागतो, पण तो आजारी असतो, परीक्षार्थी नसतो.

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी ह्ये-रिन दात घासत असताना आईने एकतिसावी पायरी पार पाडली. लाल ठिपक्याचे घड्याळ उचलून स्वयंपाकघराच्या खणात टाकले आणि साठ सेकंदांचे त्या जागी ठेवले. कागदावर खूण करायला दोन सेकंद लागले असते. ते तिने वाचवले.

सहा पंचवीसला ह्ये-रिन मोजे शोधत होती आणि वडील फ्रिजसमोर उभे होते. एकतिसाव्या पायरीपुढे खूण नव्हती. त्यांनी खण उघडला, आत घड्याळ होते. म्हणजे हेच द्यायचे. ठिपका मागच्या बाजूला असतो हे पालकसभेत सांगितले होते, पण त्या सभेच्या वेळी वडिलांची बस स्टेशनवरून सुटत होती. बायकोला विचारावे असे त्यांच्या मनात आले. पण 'उठलीस?', 'डबा घेतलास?' आणि 'मफलर घे' ही तीन वाक्ये खर्च झाली होती आणि चौथे त्यांनी फाटकासाठी राखून ठेवले होते. त्यांनी मुकाट्याने घड्याळ बदलले, आणि शिस्तीचा माणूस असल्यामुळे खूणही केली. बारा मिनिटांनी आईने ती खूण पाहिली आणि आपणच केली असेल असे म्हणून ती निश्चिंत झाली.

परीक्षाकेंद्रावर ते अकरा मिनिटे लवकर पोचले. फाटकाला कोणाच्या तरी आईने, मुलाला प्रवेश असाच चिकटावा म्हणून, चिकट गुळाची चिक्की चिकटवली होती, धाकट्या वर्गांतली मुले ढोल बडवत होती, आणि ह्ये-रिनचा चेहरा पांढराफटक पडला होता. लवकर पोचण्यासाठी तक्त्यात वेळच ठेवलेला नव्हता.

"बाबा, आता मी काय करू? अकरा मिनिटं आहेत."

वडिलांनी चौथ्या वाक्यात काय बोलायचे ते रात्रीच जुळवून ठेवले होते. त्यात 'आम्हाला तुझा अभिमान आहे' असे काहीतरी होते. पण तोंडातून आले ते बस ड्रायव्हरचे. "बस लवकर पोचली तर थांब्यावर थांबते, त्यात काय एवढं."

ह्ये-रिन आत गेली.

पेपर सुरू होण्याच्या घंटेबरोबर तिने शिकवल्याप्रमाणे घड्याळाचे दोन्ही काटे बारावर आणले. सात सेकंद घाबरली, चार सेकंद रागावली, तीन सेकंद आई. मग हात चालू लागला. अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला शेवटचा गोल काळा झाला. ऐंशीव्या मिनिटाला तिने पेन खाली ठेवले, हात मांडीवर घेतले आणि घंटेची वाट पाहू लागली. वेळ संपल्यावर एक ठिपका जरी टेकवला तरी तो गैरप्रकार असतो, हे तिला पाठ होते.

घंटा झाली नाही. आजूबाजूच्या तेवीस मुली बिनदिक्कत लिहीत होत्या. ह्ये-रिनला हा उघडउघड गैरप्रकार वाटला. तिने हात वर केला.

पर्यवेक्षिका बुटांवर लोकरीचे मोजे चढवून आली होती, त्यामुळे ती कधी शेजारी येऊन उभी राहिली ते कळलेच नाही. "काय झालं?" तिने कुजबुजत विचारले.

"बाई, वेळ संपलाय."

"कोणाचा?"

"सगळ्यांचा. या अजून लिहितायत."

बाईंनी स्वतःचे घड्याळ पाहिले. "अजून सोळा मिनिटं आहेत, बाळ. लिही तू."

क्रमांक बावीस. हवालदारांनी टोप घालून हे चाळीस वेळा केले होते, आणि खरे सांगायचे तर यापेक्षा सरस केले होते. ह्ये-रिन नम्रपणे हसली. "नको, बाई."

"पेन तरी हातात घे."

"नको."

"अगं, घंटा नाही झाली अजून."

"असं सांगतात," ह्ये-रिन समजुतीने म्हणाली.

बाईंजवळ चौऱ्यांशी पानांची मार्गदर्शिका होती. परीक्षार्थीला उलटी झाली तर काय करावे, पेपरावर रक्त सांडले तर काय करावे, हे सगळे तिच्यात होते. परीक्षार्थीने वेळ नाकारला तर काय करावे, हे नव्हते. एका बाकाजवळ फार वेळ उभे राहायची मनाई असल्यामुळे त्या परत गेल्या. सहा मिनिटांनी 'दहा मिनिटे उरली' अशी घोषणा झाली. तो क्रमांक चौदा होता. ह्ये-रिनने आपण होऊन मान हलवली.

अशी सोळा मिनिटे तिच्या पुढ्यात येऊन पडली. तक्त्यात त्यांना जागा नव्हती. पहिल्या मिनिटाला तिची बोटे सवयीने पांढरी पट्टी शोधू लागली, कारण चौतिसाव्या प्रश्नाचे उत्तर दोन नसून चार आहे असे तिला अचानक पक्के वाटले होते. पेन हातात असते तर चार झालेच असते. पण हात मांडीवर होते. तिसऱ्या मिनिटाला ते पुन्हा दोन वाटले. पाचव्या मिनिटाला तिला वाटले, की बस थांब्यावर थांबली आहे, त्यात काय एवढं. आणि मग तीन वर्षांत पहिल्यांदा तिने खिडकीबाहेर पाहिले.

बाहेर गिंकोचे झाड पिवळेधमक झाले होते. शाळेचा शिपाई झाडाखाली पाने गोळा करत होता. परीक्षेत झाडूचा आवाज नको असा आदेश असल्यामुळे तो एकेक पान हाताने वेचून पोत्यात टाकत होता. तो तीन पाने उचली तोवर पाच पडत. थोड्या वेळाने त्याने पोते अंथरले, त्यावर बैठक मारली आणि तोही वर बघत बसला. ह्ये-रिनला हसू आले. हसण्यासाठीही तक्त्यात वेळ नव्हता, पण तो पेपर आता तिच्या मते संपलेला होता.

गणिताच्या पेपराला तिने पुन्हा हात वर करून तक्रार केली. तिथल्या सरांनीही तिला खोटीच वेळ सांगितली. त्यानंतर देश असाच चालायचा म्हणून तिने नाद सोडला. गणितात वीस मिनिटे, इंग्रजीत चौदा, बाकीच्या विषयांत मिळून अठरा. दिवसभरात एकूण अडुसष्ट मिनिटे ती हातावर हात ठेवून शिपायाकडे पाहत बसली. आणि सांगायला लाज वाटते, पण ती मजेत होती.

संध्याकाळी फाटकाशी आईने तिचे घड्याळ काढून घेतले, उलटे केले आणि लाल ठिपका पाहिला.

"मी सकाळी बदललं होतं," आई वडिलांना म्हणाली. "सहा दहाला. मी स्वतः."

"मी पण बदललं," वडील म्हणाले. "सहा पंचवीसला."

"मग मला विचारलं का नाहीत?"

वडिलांनी चार बोटे वर केली.

आईला रडू फुटले. ज्या पोरीसाठी कुकरचे तोंड बांधले तिने अडुसष्ट मिनिटे फुकट घालवली, असे म्हणत ती बसथांब्यापर्यंत रडली. प्यो सरांना फोन केला तेव्हा पलीकडून आधी हिशेबाची पुटपुट ऐकू आली. (अकादमीच्या मापाने दोन मिनिटे.) मग ते म्हणाले, "अडुसष्ट? अहो, अडुसष्ट मिनिटांत मी एक डॉक्टर घडवतो." दुसऱ्या दिवशी अकादमीच्या फलकावरून ह्ये-रिनचे नाव पुसले गेले. मामाने इस्त्रीची वायर बदलून घेतली. वडील महिनाभर एक वाक्यही बोलले नाहीत. जेवताना ते पोरीच्या ताटात मासा वाढत आणि तिच्याकडे न बघता उठून जात.

निकाल डिसेंबरात लागला. ह्ये-रिनला पशुवैद्यकाचा प्रवेश मिळाला. काठावर, पण मिळाला. पांढरी पट्टी लावून बदललेली उत्तरे: शून्य. चौतिसाव्या प्रश्नाचे उत्तर दोनच होते. आईने निकाल तीनदा वाचला, कुकरच्या तोंडावरची चिकटपट्टी काढली, आणि कुकरने पहिल्या दमात किती वाजले ते सांगितले. वडील स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच हुंदके देऊन रडले. त्यांना कोणी सेकंद मोजायला सांगितले नाही.

तासाभरात प्यो सर नाशपातीची पेटी घेऊन दारात हजर झाले.

"मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "आता नीट सांग, बाळ. त्या अडुसष्ट मिनिटांत तू नेमकं काय केलंस?"

"काहीच नाही, सर."

"ते कळलं. पण काहीच नाही म्हणजे काय काय? क्रमवार सांग."

"एक माणूस पानं वेचत होता. मी बघत होते."

सरांनी लिहून घेतले: पाने, हाताने. "किती पानं?"

"मोजली नाहीत."

"मोजायला हवी होतीस," सर मायेने म्हणाले.

तेव्हापासून अकादमीच्या तिसऱ्या मजल्यावर 'मोकळा वेळ विभाग' सुरू आहे. तिथे मुलांना काहीही न करणे पद्धतशीर शिकवले जाते. झाडाकडे पाहणे चाळीस सेकंद, दर पानामागे चार सेकंद, स्वतःशी हसणे सहा सेकंद, त्यात काय एवढं असे वाटणे तीन सेकंद. खिडक्यांवरचा कागद तसाच आहे, पण त्यावर झाडाचे चित्र लावले आहे. हवालदार कोपऱ्यात बसून प्लास्टिकची पाने वेचतात. दर शुक्रवारी चाचणी असते, आणि ज्यांना काहीही न करायला उशीर लागतो त्यांच्यासाठी रविवारी जादा तास असतो. अर्थात तिथलेही मिनिट अठ्ठेचाळीस सेकंदांचे आहे.

ह्ये-रिनला एकदा प्रात्यक्षिकासाठी बोलावले होते. मंचावर खुर्ची, समोर दोनशे बारा मुले, प्रत्येकाच्या हातात पेन. ती बसली. मुले लिहू लागली. तिला काहीच जमेना. दहाव्या मिनिटाला ती उठली, सरांची क्षमा मागून खाली उतरली आणि टोफूच्या दुकानाबाहेर त्या कुत्र्याशेजारी पायरीवर टेकली. आधी एक कान, मग दुसरा. ती तिथे किती वेळ बसली ते सांगता येत नाही. दुकानदारबाईने दोनदा विचारले, "काय गं, कोणाची वाट बघतेस?" आणि दोन्ही वेळा ती म्हणाली, "कोणाची नाही, मावशी."

अकादमीच्या ताज्या आकडेवारीनुसार दोनशे बारापैकी दोनशे नऊ मुलांना काहीही न करता चार सेकंदांच्या वर बसता येत नाही. दोघे झोपी गेले, त्यांची गैरहजेरी लावली. एकाला रडू आले, तो पहिला आला. पालक म्हणतात, हल्लीची मुलेच तशी, आमच्या वेळी असे नव्हते.

पालकांचे म्हणणे तपासून पाहणे सोपे आहे. वाचकहो, ही ओळ संपली की एक मिनिट, खरे साठ सेकंदांचे, काहीही करू नका. फोन नको, उसासा नको. पुढची ओळ त्यानंतरच वाचा.

एकच सेकंद थांबलात. नव्या तुकडीचे प्रवेश सोमवारपासून आहेत.